बनूला नांदायला धाडलं तेव्हा

साताऱ्यात एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत ‘माहेरघर’ नावाची संस्था होती. नवऱ्यानं टाकलेल्या, सासरहून निघून आलेल्या बायका तिथं राहत. शहरातल्या चारपाच जणींनी ती काढली, पण तिचा रोजचा गाडा ओढला तो अंबूबाईंनी.

त्या रहिमतपूरकडच्या. नवरा पासष्टच्या लढाईत गेला. मूलबाळ नव्हतं. उसाचं रान दिराच्या हवाली करून त्या साताऱ्याला आल्या आणि माहेरघराच्याच झाल्या. पगार कधी घेतला नाही. दुपारी स्टँडवर चक्कर मारायच्या. गाठोडं घेऊन बसलेली, कुठल्याच गाडीला न उठणारी बाई त्यांना लांबून ओळखू यायची. शेजारी बसून आधी चहा पाजायच्या, गाव नंतर विचारायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात बायकांची संख्या वाढली. सरकारी अनुदान घ्यायचं तर शिकलेली अधीक्षिका हवी, म्हणून संस्थेच्या मंडळानं चौऱ्याहत्तर साली सांगलीच्या प्रमोदिनीबाईंना नेमलं. तिशीच्या होत्या, बोलणं मोजकं. त्यांनी नियम घातला : कुणाही बाईला सासरी धाडायचं तर आधी गावात जाऊन शेजारीपाजारी चौकशी करायची, आणि ती अधीक्षिकेनंच करायची. बिनपगारी काम करणाऱ्यांनी परस्पर कुणाला नेऊन सोडायचं नाही.

अंबूबाईंना ते लागलं. आपणच मांडलेल्या चुलीपाशी आता विचारून पाणी प्यायचं, असं त्या मंडळातल्या बायकांना म्हणाल्या. त्या बायकांनाही तसंच वाटत होतं. प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरात आल्या की बोलणं थांबायचं.

त्याच वर्षी औंधकडची बनू आली. नवरा सयाजी मारायचा. ती जीव घेऊन निघाली, पण दोन वर्षांचं पोर घरीच राहिलं. दिवसभर ती पोरासाठी झुरायची. पुढं तिचा सासरा हंबीरराव दारात आला. तो अंबूबाईंच्या नवऱ्याच्या पलटणीतला. फेटा काढून हातात धरला आणि म्हणाला, लेकीसारखी सांभाळीन. प्रमोदिनीबाईंनी सांगितलं, चौकशी होऊ द्या, महिना लागेल. बनू अंबूबाईंचे पाय धरून म्हणाली, महिनाभर पोर कुणाकडं बघंल?

प्रमोदिनीबाई सरकारी कामासाठी पुण्याला गेल्या, तेव्हा अंबूबाईंनी बनूला औंधच्या गाडीत बसवलं आणि स्वतः सोडून आल्या. हंबीररावच्या घरी भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोर आईला बिलगलं. अंबूबाई समाधानानं परतल्या. प्रमोदिनीबाई आल्यावर त्यांनी ते सांगितलंही, जरा ताठ मानेनंच.

महिना भरायच्या आत त्या गावचा एकजण बाजाराला आला आणि त्यानं सांगितलं, बनू दवाखान्यात हाय. सयाजीनं तिचा हात मोडला होता. म्हातारा सोप्यात बसून होता, उठला नाही.

अंबूबाई तडक प्रमोदिनीबाईंच्या टेबलापाशी गेल्या.

“बाई, तुमी म्हणत हुता त्येच खरं झालं. आता काय करायचं त्ये सांगा.”

प्रमोदिनीबाई रागावल्या नाहीत. कपाटाला कुलूप लावून म्हणाल्या, “चला माझ्याबरोबर.”

दोघी दवाखान्यातून बनूला घेऊन गावात गेल्या, पोलीसपाटलाला बरोबर घेतलं. सयाजी दारात आडवा उभा राहिला, पोर देणार नाही म्हणाला. प्रमोदिनीबाईंनी आवाज न चढवता कायदा सांगितला. तो हलला नाही. तेव्हा अंबूबाई मागं बसलेल्या हंबीररावकडं बघून बोलल्या.

“भावजी, तुमच्या शब्दावर मी पोरगी आणून सोडली. तिचा हात तर गेला. आता तिचं ल्येकरू तरी द्या.”

म्हातारा उठला. नातवाला उचलून त्यानं लेकाच्या अंगावरून बाहेर आणलं आणि अंबूबाईंच्या ओटीत घातलं. मान वर केली नाही.

पुढं मंडळाची बैठक झाली. बायकांचा सूर वेगळाच होता. अधीक्षिकेनं चौकशीचं लांबवलं म्हणून असं झालं, तिलाच रजा द्यावी, असं त्या म्हणत होत्या. अध्यक्ष नारायणराव वकीलही त्याच मताला आले होते. अंबूबाई दारालगत बसल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या.

“वकीलसाहेब, बाईंनी आडवलं हुतं. मी ऐकलं न्हाई. मला वाटलं, मला माणसं कळत्यात. बाईंना काढलंसा तर उद्या दुसऱ्या बनूला कोण आडवील?”

वकिलांनी तो विषय तिथंच मिटवला. प्रमोदिनीबाई राहिल्या. पण त्यांनी त्याच बैठकीत मागितलं, की बायकांना नेण्या-आणण्याचं काम यापुढं अंबूबाईंकडं नसावं. ते मंजूर झालं. अंबूबाईंनी मान डोलावली आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेल्या, त्या बैठक संपेपर्यंत आत आल्या नाहीत.

त्यानंतर त्या नवी बाई आली की तिला अधीक्षिकेच्या खोलीपर्यंत पोचवत आणि दार ओढून घेत. दोघींचं सख्य असं कधी झालं नाही. पण चौकशीला खेड्यात जायचं असलं की प्रमोदिनीबाई निरोप धाडत, आणि अंबूबाई पायात चपला सरकवून निघत.

बनूचा उजवा हात वाकडाच राहिला. शिवणकाम जमेना, म्हणून प्रमोदिनीबाईंनी तिला एका बालवाडीत आयाचं काम मिळवून दिलं. अंबूबाईंना ती मावशी म्हणायची, त्यांच्याबद्दल वावगं कधी बोलली नाही. अठ्ठ्याहत्तर साली तिनं पोराला घेऊन राहायला वेगळी खोली घेतली आणि त्यांना जेवायला बोलावलं. अंबूबाई गेल्या. बनू डाव्या हातानं वाढत होती. त्यांनी सगळं ताट संपवलं आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.