किल्लीला पंचामृत

नवी गाडी दसऱ्याला घरी येणार आणि त्याच संध्याकाळी शोरूमवाला जुनी घेऊन जाणार, असं ठरलं, तेव्हा मी फ्रिजवर पत्रक चिकटवलं : ‘चालत्या गाडीला घराबाहेर काढू नका.’ बाबांनी देवासच्या कारखान्यात असताना युनियनची ढीगभर पत्रकं लिहिली. मी अक्षरं शिकले तीच वाचून. माझं वाचून ते म्हणाले, “एकच मागणी? वजन पडत नाही.”

नव्या गाडीत मला दोष सापडत नव्हता, हीच पंचाईत. ती गारवा देते, पट्टा लावा म्हणून बजावते, धूर जवळजवळ नाहीच. जुनीचं मागचं दार फक्त बाहेरून उघडतं, काच हँडल फिरवून खाली करायची, आणि धारहून मांडूचा घाट चढताना सगळ्यांनी गप्प बसायचं, नाहीतर ती रुसते. पण पत्रकांचे गठ्ठे हिनंच वाहिले; डिकीला अजून खळीचा वास येतो. जिनं इतकी वर्षं राबून दिलं तिला सणाच्या दिवशी काढून टाकायचं, हे निदान आपल्या घरात चालणार नाही, असं मी जेवताना सुनावलं.

आत्या म्हणाली, “भाषण नंतर. आधी भात संपव.”

दसऱ्याला आमच्याकडे गाडीच्या किल्लीला ताम्हनात पंचामृताचं स्नान असतं. जुन्या लोखंडी किल्लीला त्याचं काय होणार? आत्यानं त्याच भक्तीनं नव्या गाडीच्या रिमोटवाल्या किल्लीला न्हाऊ घातलं. दूध, दही, मध, सगळं यथासांग. चाकांखाली लिंबं ठेवली, औक्षण झालं. बाबांनी बटण दाबलं. गाडी गप्प.

“दुसरी किल्ली आण.”

“दादा, तिलाही घातलंय. एकीलाच कसं घालायचं?”

बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटले.

नव्या गाडीनं पहिल्यांदा देवासच्या टेकडीवरच्या देवीला जायचं, हा नेम. तो मोडायचा नाही म्हणून नवीचा हार जुनीला घातला, नारळ पुढे ठेवला आणि आम्ही तिघं निघालो. काचा खाली, आत्याचा अंबाडा सुटलेला. बाबा कारखान्यातल्या घोषणा देत होते आणि आत्या प्रत्येकीला “जिंदाबाद” म्हणत होती.

टेकडीखाली गाडी लावली, तोच शोरूमवाल्याचा फोन.

“भिया, पुरानी गाड़ी लेने कितने बजे आऊँ?”

“आज नहीं हो पाएगा.”

“तो कल?”

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “कल भी नहीं, भिया. घर में यूनियन है.”

मी बाहेर उडी मारणारच होते, पण मागचं दार. बाबा उतरून, वळसा घालून ते उघडेपर्यंत मी आणि आत्या आतच बसून टाळ्या वाजवत राहिलो.