फाट्यावरचा माणूस

त्याच्याकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते त्याच्या भांगामुळे. आमच्या सायकल मंडळाची सहल निघायची होती. सगळे हेल्मेटचे पट्टे आवळत होते आणि हा गृहस्थ सायकलच्या आरशात वाकून शांतपणे भांग पाडत होता. भांग मनासारखा पडल्यावर त्याने त्यावर हेल्मेट चढवलं. पहिल्या विश्रांतीला ते काढलं, खिशातून कंगवा काढला आणि पुन्हा तेच सुरू.

"अहो, हेल्मेटच्या आत कोण बघतंय?" मी विचारलं.

"बाई, मी सलूनवाला. माझंच डोकं विस्कटलेलं दिसलं तर लोक माझ्या हातात डोकं देतील का?"

शाळेतून निवृत्त होऊनही मी सगळ्यांची बाईच राहिले आहे. त्यालाही आम्ही सलूनवालाच म्हणायचो. चढावर सगळ्यांना धाप लागे, तेव्हा याची बडबड चालूच असे. नीटनेटका, हौशी, आणि लोक आपल्याला काय म्हणतात याची फार काळजी करणारा माणूस.

आमचे मार्ग औषधवाले काका आखायचे. मोठा रस्ता ते शक्यतो टाळत. टेकड्यांच्या कडेकडेने, शेतांमधल्या वाटांनी आम्ही जायचो आणि गावात शिरायचो ते गावाच्या पाठीमागून. मोटारीतून गावाचा दर्शनी भाग दिसतो. आम्हाला दिसत ती कोंबड्यांची खुराडी, वाळत घातलेल्या गोधड्या, मागच्या दारात भांडी घासणाऱ्या बायका.

चुकामूक होऊ नये म्हणून काकांचा एक नियम होता. सगळ्यांत पुढे काका. फाटा आला की त्यांच्या मागचा माणूस तिथे थांबायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला वळण दाखवायचा. सगळ्यांत शेवटी सायकल दुरुस्तीवाला असे, त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. शेपूट येईपर्यंत फाट्यावरच्या माणसाने हलायचं नाही. फाट्यावर कोणी नसेल तर सरळ जायचं. एवढं पाळलं की झालं.

शिवणताईला मंडळात आणलं ते सलूनवाल्यानेच. तिचं शिवणाचं दुकान त्याच्या दुकानाला लागून, मधे एक भिंत. नवरा गेल्यावर ती मशीनवरून उठेनाशी झाली होती. पन्नाशीच्या त्या बाईला याने दुकानामागच्या मोकळ्या जागेत सायकल शिकवली.

"सोडलं का हो?" ती ओरडायची.

"छे छे, धरलंय घट्ट!" हा लांबून ओरडायचा.

ती सहलीला यायला बिचकत होती. "चला हो ताई, मी आहे ना," म्हणून त्याने तिला तयार केलं.

तिच्या त्या पहिल्याच सहलीत हे घडलं. पुढचं सगळं नंतर त्यानेच सांगितलं. त्या दिवशी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

एका गावामागच्या फाट्यावर थांबायची पाळी त्याची होती. आमची वाट डावीकडे टेकडीवर चढत होती. सरळ जाणारा रस्ता जुन्या खाणीकडे उतरत होता, खडीने भरलेला. आम्ही एकेक करून डावीकडे वळलो. मागे राहिली शिवणताई आणि शेपूट. दुरुस्तीवाल्याचंच चाक पंक्चर झालं होतं. तो तिला म्हणाला, "ताई, तुम्ही व्हा पुढे. फाट्यावर सलूनवाले उभे असतील."

सलूनवाला उभा होताच. त्याने सहज समोरच्या घराकडे पाहिलं. ते त्याच्या मुलीचं सासर होतं. लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. तो नेहमी बसने पुढच्या रस्त्याने यायचा, इस्त्रीची पँट, बंद गळ्याचा कोट घालून. मागचं अंगण त्याने कधी पाहिलंच नव्हतं. घर ओळखलं ते दोरीवर वाळणाऱ्या मुलीच्या ओढणीवरून. आणि त्याच वेळी मागचं दार उघडून विहीणबाई कपड्यांची बादली घेऊन बाहेर आल्या. ह्याच्या अंगात सायकलची ती अंगाला चिकटणारी काळी अर्धी चड्डी आणि पिवळाधमक टी-शर्ट.

तो सायकलसकट लाकडांच्या ढिगामागे जाऊन बसला.

विहीणबाई सावकाश एकेक कपडा झटकून वाळत घालत होत्या. तेवढ्यात घंटी वाजली. शिवणताई प्रत्येक वळणावर घंटी वाजवायची. त्याला ती ओळखू आली. उठावं तर विहीणबाई समोर, हाक मारावी तरी तेच. ताई थांबतील, शेपूट मागून येतंयच, असं त्याने मनाला समजावलं. विहीणबाई आत गेल्यावर तो बाहेर आला तेव्हा फाट्यावर कोणी नव्हतं.

शेपूट आलं. "ताई गेल्या?"

"गेल्या पुढे," तो म्हणाला.

टेकडीवर आम्ही माणसं मोजली तेव्हा ताई नव्हती. खाणीच्या उतारावर ती सापडली, रस्त्याच्या कडेला बसलेली, उजवं मनगट मांडीवर धरून. काकांनी सलूनवाल्याला विचारलं, "तुम्ही होतात ना फाट्यावर?"

"होतो की! ताईंचं लक्ष नसेल."

ताई वेदनेतही ओशाळली. "माझीच चूक हो. ह्यांना कशाला बोलता?"

मनगटाला प्लास्टर लागलं. मशीन कापडाने झाकलं गेलं. सलूनवाला तिला डबा पोचवायचा, तिच्या गिऱ्हाइकांना आपल्या बाकावर बसवून समजूत घालायचा, औषध आणून द्यायचा. "शेजारी असावा तर असा," लोक म्हणायचे. मी स्वतः त्याच्या तोंडावर म्हटलं होतं. त्याने मान खाली घातली. मला वाटलं, विनय.

पुढच्या सहलीच्या सकाळी आम्ही जमलो होतो. शिवणताई हात गळ्यात अडकवून आली. तिची सायकल तिच्या भाचीने ढकलत आणली होती.

"ही मंडळात कोणाला तरी देऊन टाका, काका," ती म्हणाली.

"अहो, हात बरा होईल की!"

"हाताचं नाही हो." ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा. एवढा पिवळाधमक टी-शर्ट घातलेला माणूस मला दिसू नये? डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणतात, डोळे उत्तम आहेत. मग काय राहिलं? माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी समोरचं दिसेना, मग ती आम्हाला ओळखेना." तिने गळ्यात अडकवलेला हात सावरला. "मशीनही विकायचं ठरवलंय. उद्या कोणाचं महागाचं कापड उलटंसुलटं कापलं म्हणजे?"

सलूनवाला आपल्या सायकलची सीट दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्या दिवशी त्याने भांग पाडला नव्हता.

"ताई, मी नव्हतो तिथे," तो म्हणाला.

"कुठे?"

"फाट्यावर. मी लाकडांच्या मागे लपलो होतो."

मग त्याने सगळं सांगितलं. विहीणबाई, बादली, चड्डी. चड्डीचं ऐकून कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसायला लागले. शिवणताईसुद्धा हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आणि एवढं करून विहीणबाईंनी पाहिलं होतंच," तो म्हणाला. "मुलीनं फोनवर सांगितलं. मला संकोच नको म्हणून त्यांनी न पाहिल्यासारखं केलं."

पुन्हा हशा झाला. तो मात्र हसत नव्हता. हशा ओसरल्यावर ताईने विचारलं, "माझी घंटी ऐकू आली होती?"

त्याने मान हलवली. "आली होती."

"मग उभा होतो असं का म्हणालात?"

"तोंडातून निघून गेलं. मग तुम्ही स्वतःलाच बोल लावायला लागलात आणि मला ते मागे घेता येईना. रोज डबा देताना ठरवायचो, आज सांगतो."

"हात मोडला त्याचं काही नाही हो," ती हळू आवाजात म्हणाली. "माणूस पडतो. पण मी घरात भिंतीला हात लावून चालत होते. भाचीचं नाव रोज उठल्या उठल्या स्वतःशी म्हणून बघायची, आठवतंय का म्हणून. आणि तुम्ही पलीकडून विचारायचात, ताई, भाजी आवडली का?"

त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. वर्गात मी अनेक मुलांना चूक कबूल करताना पाहिलं आहे. कबूल केल्यावर मुलं हलकी होतात. हा हलका झाला नाही.

ताईने त्याला क्षमा केली असं म्हणता येणार नाही, रागावली असंही नाही. भाचीला म्हणाली, "सायकल घरी ने परत." आणि त्याला म्हणाली, "उद्यापासून डबा नको."

मशीन तिने विकलं नाही. प्लास्टर निघाल्यावर ती पुन्हा शिवायला लागली. दोघांच्या दुकानांमधून आता गरजेपुरतं बोलणं होतं, सुट्टे आहेत का, पाणी आलं का, एवढंच. सहलींनाही ती येते, माझ्या मागे असते, वळणावर घंटी वाजवते. काकांनी सलूनवाल्याला एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त निघताना ते आता आपल्या मागे दुसऱ्याच कोणालातरी घेतात.

सलूनवाला प्रत्येक सहलीला येतो, मध्यावर कुठेतरी असतो. फाट्यावर थांबायला त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.