पुसलेल्या रेघा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी लातूरला शाळेत पेपर तपासत होते. "सुमे, तुझे दादा..." एवढंच ती बोलली. त्याला आता पाच आठवडे झाले.

दादा चाकूरला शेती करायचा. काखेतली गाठ त्यानं दोन वर्षं कुणाला दाखवलीच नाही. "दुखत न्हाई, मग कशाला दवाखाना?" हे त्याचं उत्तर. शेवटी तपासणीत लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, दुर्मीळ आहे, पण सावकाश वाढणारा आणि एकाच जागी आहे. रेडिएशननं बहुतेक विरघळेल. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. शेक संपेपर्यंत दादा माझ्याकडेच राहिला. रोज एकटा रिक्षानं जायचा आणि "गरम बी लागत न्हाई, कसला शेक!" म्हणून मशीनची टर उडवायचा.

त्यातच भाऊबीज आली. एरवी दादा ओवाळून घेऊन दुपारच्या एसटीनं परतायचा. त्या खेपेला मी त्याला पाटावर बसवलं आणि मागून पाठ, दंड, काखा तेल-उटण्यानं खसखसून चोळल्या. पाण्याबरोबर जांभळा ओघळ आला. मला वाटलं, बनियनचा रंग असेल. पण त्या शेकाची जागा दाखवणाऱ्या रेघा होत्या. पुसायच्या नाहीत, तेल लावायचं नाही, असं दवाखान्यात त्याला बजावलं होतं.

"तोंड शिवलं होतं का तुझं?" मी ओरडले.

"तू आईवानी चोळायली होतीस गं... थांब म्हणवंना."

डॉक्टरबाई रागावल्या, पण पुन्हा मोजून रेघा काढल्या. शेक पूर्ण झाला, गाठ गेली. दोन वर्षं बरी गेली. मग आजार पोटात परतला, आणि आता तो सावकाश वाढणारा राहिला नव्हता. मी डॉक्टरबाईंना गाठून विचारलं, "माझ्यामुळं झालं का?"

"नाही हो. त्या रेघांचा याच्याशी काही संबंध नाही."

डोक्याला ते पटतं, पण हात उटण्याच्या डब्याकडे जात नाही. शेवटच्या भेटीत दादापाशी हे बोलून मी रडले. अंथरुणातूनच तो हसला.

"येडी हायस. त्या दिवशी आजार हाय हे बी मी इसरलो होतो."

आता दिवाळी जवळ आली आहे. काल शेजारच्या काकू मला समजावत होत्या, "भाऊ नसला की चंद्राला ओवाळावं, सुमन."

ओवाळीन, काकू. पण पाठ कुणाची चोळू?