हसलो की पडायचो

नव्वदच्या दशकात मंचरच्या बाजारातले कांद्याचे भाव एका दैनिकाला कळवणं हे माझं काम होतं. लिलाव आटोपला की आम्ही अवसरीचे पाच-सहा जण चहाच्या टपरीवर थांबायचो. त्यातला एक मित्र अडत्यांच्या नकला करायचा. अशाच एका नकलेला मी मोठ्यानं हसलो आणि गुडघे सुटले. मान लोंबली, खाली कोसळलो. शुद्ध गेली नव्हती. फक्त पापणीसुद्धा उचलता येईना.

फिट आली, असं सगळ्यांनी ठरवलं. आमच्याकडे फिट आलेल्याच्या नाकाला कांदा लावतात, आणि तिथे कांद्याला तोटा नव्हता. कोणीतरी टाचेखाली एक फोडला. थोड्या वेळानं मी उठलो. तसाही उठलोच असतो, पण श्रेय कांद्याला गेलं.

पुढे हे वरचेवर झालं, घरच्यांनी फिटच्या गोळ्या सुरू केल्या. पडलेलं असताना मला सगळं ऐकू येतं, हे कोणाला माहीत नव्हतं. एकदा तोच मित्र माझ्याजवळ उभा राहून बाकीच्यांना हळूच म्हणाला, “गडी लई चांगला हाय. पण ह्याच्यासमोर हसायची बी चोरी झाली राव.”

मी टपरी सोडली. लग्नातली हळद, जत्रेतला वग, सगळं टाळलं. दिवसा भर बोलण्यात झोप लागायची. एकटं राहिलं की तीही कोणाला दिसत नसे. हसणं बंद झालं तसं पडणं थांबलं. घरच्यांना वाटलं, फिटच्या गोळ्या लागू पडल्या.

काही वर्षांनी पुण्याच्या एका डॉक्टरांनी ही फिट नसल्याचं सांगितलं. मेंदूत ओरेक्सिन नावाचं न्यूरोपेप्टाइड असतं, जाग टिकवणारा एक रासायनिक निरोप. तो घेणारे रिसेप्टर दोन प्रकारचे. काही कुत्र्यांत त्यातला दुसरा प्रकार जन्मतः बिघडलेला असतो. खाणं दिसलं की ती आनंदानं कोसळतात. माणसात बहुधा दोन्ही रिसेप्टर शाबूत असतात, निरोप तयार करणाऱ्या पेशीच नाहीशा होतात; मग दिवसा झोप येते आणि हसलं की स्नायू झोपेतल्यासारखे सैल पडतात. हा शोध तेव्हा अगदी ताजा होता. त्यांनी नैराश्यावरची एक गोळी दिली. तिनं पडणं आटोक्यात येतं, म्हणाले.

गोळी लागू पडली. घरी एकट्यानं टीव्हीसमोर हसून खात्री केली आणि टपरीवर गेलो. नक्कल चालू होती. मला पाहून मित्र थांबला आणि बटाट्याच्या बियाण्याचं विचारू लागला. मी औषधाचं सांगितलं. म्हटलं, कर पुढे.

“पडणार न्हाईस न्हवं?”

“नाही.”

त्यानं नक्कल पुन्हा सुरू केली, जपून, एकेक शब्द तोलत. मी हसलो आणि उभाच राहिलो. बाकी कोणी हसलं नाही. सगळे माझ्या गुडघ्यांकडे बघत होते.