त्यांचं मराठी कुठं गेलं

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर माझ्या नवऱ्यानं पहिला शब्द काढला तो "नीळ्ळू". म्हणजे पाणी. तेवढं तेलुगू मला येतं. मी लगबगीनं दोन चमचे पाणी पाजलं आणि म्हटलं, "अहो, मी हाय. ओळखलं का न्हाय?" त्यांनी ओळखलं. डोळे भरून आले. मग ते अडखळत अडखळत बोलायला लागले, आणि ते सगळं तेलुगूत. मला त्यातलं ओ की ठो कळेना.

सासरचे सगळे तेलुगू, आणि मी सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात हे कटिंग मास्तर होते, मी काज-बटण करायची. तिथं कापडाच्या ढिगाआडून जे काही जमलं ते मराठीत जमलं. पुढं संसारातली भांडणंही मराठीतच झाली, आणि लई झाली. बहिणीशी ते तेलुगूत बोलायचे, माझ्याकडं मान वळवली की मराठीत. एवढ्या वर्षांत एकदासुद्धा चुकले नाहीत. मला त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

आता पलंगाशेजारी मी आणि माझ्या मोठ्या नणंदबाई. त्यांच्याशिवाय माझं पान हलेना. हे बराच वेळ काहीतरी सांगायचे, मी विचारायची, "वन्सं, काय म्हणतायत?"

"उशी नीट कर म्हणतोय."

"एवढं सगळं उशीबद्दल?"

"व्हय की. मी काय माझ्या मनचं सांगतेय काय?"

मला त्यांचा राग यायचा. त्यांचा काय दोष, हे कळूनसुद्धा यायचा.

डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. म्हणाले, "काकू, मेंदूत डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, तिथल्या काही पेशी गेल्या. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलत असतात. एका पेशीतून विजेसारखा झटका पळत येतो, टोकाला पोचला की तिथून रसायन सुटतं, ते पुढची पेशी झेलते. आणि गंमत म्हणजे दोघींच्या मध्ये बारीकशी फट असते. त्या एकमेकींना टेकलेल्या नसतात."

"मग तेलुगूच्या पेशी वाचल्या आणि मराठीच्या गेल्या, असं म्हणा की."

"तसे वेगळे कप्पे नसतात हो. बऱ्याच पेशी दोन्हीकडं कामाला असतात. असं क्वचित होतं. का होतं, ते नक्की कुणाला सांगता येत नाही."

घ्या! म्हणजे यांनाही माहीत नाही. आणि त्या फटीचं मला कोडंच पडलं. टेकलेल्या नसताना त्यांचा निरोप पोचतो, आणि मी यांचा हात हातात धरून बसले होते तर काहीच पोचत नव्हतं.

फिट येते की काय अशी शंका आली म्हणून डोक्याला चिकट मलम लावून वायरी जोडल्या, मेंदूचा आलेख काढला. पडद्यावर रेघाच रेघा. हे डोळे मिटून गप्प पडले होते, तरी रेघा धावतच होत्या. मशीनवरच्या मुलीला मी विचारलं, "हे तर गप्प हायत, मग हे काय चाललंय?" ती म्हणाली, "मेंदू चालू असतोच की मावशी, गप्प बसला तरी."

"ह्यात माझ्याबद्दलची कुठली?"

ती हसली. मी चेष्टा करतेय असं वाटलं तिला.

घरी आणल्यावर बोलणं शिकवायला एक बाई येऊ लागल्या. चित्रं दाखवायच्या, वस्तू ओळखायला लावायच्या. म्हणाल्या, आधी तेलुगू पक्कं करू, जे येतंय ते धरू, दोन्ही एकदम नको. नणंदबाईंनी मान डोलावली. मी म्हटलं, "आणि मी काय करू? भिंतीशी बोलू?" बाई म्हणाल्या, मराठी येईलही मागून. येईलही! मला रडूच कोसळलं. माणूस वाचला, समोर बसून जेवतोय, आणि मला मात्र त्याची आठवण येत होती. हे सांगायचं तरी कुणाला?

मग एका सकाळी मी चहाचा कप पुढं केला. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "चहा गार झाला की."

आई गं! रोज सकाळी पेपर वाचत बसायचे, चहा विसरायचे आणि वर मलाच हे ऐकवायचे. मी नणंदबाईंना फोन केला, गल्लीत चार घरी सांगून आले. आलं, मराठी परत आलं!

शिकवणाऱ्या बाई आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "काकू, रोजच्या सवयीची वाक्यं, आकडे, आरत्या, शिव्या कधी कधी आपोआप निघतात. त्यामागं अर्थ असेलच असं नाही. ते बोलणं आहे की नुसती सवय, हे बघावं लागेल."

"कसं बघायचं?"

"खरोखर गरम चहा देऊन बघा."

मला धडकी भरली. दोन दिवस मी मुद्दाम कोमटच चहा दिला, त्यांनी दोन्ही दिवस तेच ऐकवलं, आणि मी खूश. पण मन खायला लागलं. तिसऱ्या दिवशी आलं किसून घातलं, चांगला खळखळ उकळू दिला, नणंदबाईंना बोलावून घेतलं, त्यांच्या देखत कप ह्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "जपून, लई गरम हाय."

वाफ त्यांच्या चष्म्यावर आली. त्यांनी घोट घेतला, चटका बसून खांदे उडाले.

"चहा गार झाला की," ते म्हणाले.

नणंदबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही, खाली बघितलं. मला काहीच कळेनासं झालं. हे बोलले की नाही बोलले? ते वाफेतून माझ्याकडंच बघत होते, तोंड वाकडं करून, मी काहीतरी करावं म्हणून थांबलेले.

"द्या इकडं," मी म्हटलं, आणि तो चहा आत नेऊन परत गॅसवर ठेवला.