पार्बताबाई पाय मागतात

कुमुद बोंडे डोळे मिटते खरी, पण पाय झोपायला तयार नाहीत. पोटऱ्यांत आलेले गोळे खालीवर फिरताहेत, आत कुणी पीठ मळत बसल्यासारखे. पाठीखाली जुन्या स्टेशनचा दगडी फलाट आहे, वर कडुनिंब, आणि शेजारी धावणाऱ्यांसाठी केळी, मीठ लावलेले बटाटे न् पाण्याचे जार मांडून बसलेल्या निंभोरकर मॅडम. कधीकाळी इथून नॅरोगेजची छोटी गाडी जायची. ती बंद पडली, रूळ उखडले आणि त्या जागी माणसांसाठी डांबरी वाट झाली. आज त्या वाटेवर पन्नास किलोमीटरची शर्यत आहे. कुमुदची ही पहिलीच, तीही पन्नाशी ओलांडल्यावर.

"वीस मिनिटं पडा," मॅडम म्हणतात. "मी उठवते. त्यापेक्षा उशीर केलात तर पुढचं केंद्र बंद होईल. मग आमच्या गाडीत बसूनच यावं लागेल."

"नक्की उठवा बरं," कुमुद बजावते.

गाडीत बसून तिला परतायचं नाही. गेल्या वर्षी ती याच वाटेवर पहाटे सरावाला गेली असताना घरी तिच्या सासूनं, पार्बताबाईंनी, प्राण सोडला. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईचं सगळं कुमुदनं केलं, त्याचं कुणी नाव काढत नाही. शेवटी तोंडात पाणी घालायला सून नव्हती, एवढं मात्र गावात सगळे बोलतात. लोकांचं काय, लोक बोलणारच. पण म्हातारीला जाताना काय वाटलं असेल, हे कुमुदला कळलेलं नाही, आणि ते तिला आतून खातं. त्या पहाटेपासून ती ही वाट पुरी करायचीच म्हणून हट्टाला पेटली आहे.

निंबाची सावली तोंडावरून सरकते. जारची तोटी ठिबकतेय. ठिबकता ठिबकता तो आवाज चुलीवरच्या भाताचा होतो, आणि कुणीतरी विचारतं, "झोपली काय व?"

कुमुद डोळे उघडते. की उघडतच नाही, नुसतं दिसायला लागतं. फलाटाच्या कडेला पार्बताबाई पाय खाली सोडून बसल्या आहेत. खाली डांबर नाही, रूळ आहेत, आणि रुळांमधून छातीवर नंबर लावलेली माणसं पावलांचा आवाज न करता धावताहेत. कुमुदला त्या माणसांचं काही वाटत नाही. म्हातारी आपली आपण बसलीय कशी, एवढंच तिला खटकतं. तिला टेकवून बसवायला दोन माणसं लागायची.

"आत्याबाई, तुम्ही कुठी इकडे?"

"आली. गाडीनं."

"गाडी तर बंद पडली ना?"

"तुमच्यासाठी पडली."

आवाज गोड आहे, आणि तिथंच कुठेतरी पाणी मुरतंय. उभ्या संसारात पार्बताबाई सुनेशी गोड बोलल्या त्या दोनदा. एकदा तिच्या माहेरची म्हैस व्याली आणि यांना चीक हवा होता तेव्हा, आणि एकदा नणंदेच्या लग्नात तिच्या पाटल्या हव्या होत्या तेव्हा. आज काय हवंय?

"पाय दे इकडं."

कुमुद दोन्ही पाय पोटाशी ओढते. मेलेल्या माणसानं स्वप्नात काही मागितलं तर द्यायचं नसतं, हे तिला आईनं शिकवलंय. त्यातून सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा म्हणजे उलटीच गंगा.

"कायले?"

"गोळे आले ना. चोळून देते."

"नको. तुम्ही मोठ्या. पाप लागन."

"मले काय होते आता? मेल्या कोंबडीले आगीचं काय भेव!"

"तुम्हाले नाही, मले लागन म्हणते मी."

म्हातारी हसते. हसताना दात दिसतात. कवळी तर तिरडी बांधायच्या आधी कुमुदनंच काढून घेतली होती.

फलाटाचं आता स्वयंपाकघर झालंय, धुरानं भरलेलं. भिंतीला तिकिटाची खिडकी आहे आणि तिच्यातून मॅडमचा हात केळं पुढे करतो, कुणी घेत नाही तसा मागे जातो. कुमुद पलंगावर आहे. म्हातारीचा तोच पलंग, तीच खाली दबलेली गादी, आणि पायथ्याशी, जिथं रोज ती स्वतः बसायची तिथं, पार्बताबाई. कुमुदला उठवत नाही. म्हातारीचा बेत आता कळला. आपली जागा सुनेला देऊन जायला आलीय ती.

"मले उठू द्या. माही वेळ संपून राह्यली."

"कुठी जाशीन धावून?"

हे तर त्या जिवंतपणी रोज पहाटे विचारायच्या. तेव्हा कुमुद उत्तर न देता कडी ओढून घ्यायची. आज तिला राहवत नाही.

"त्या दिवशी पाणी मागतलं होतं का तुम्ही?"

"तांब्या उशाशी तूच भरून ठेवला होता. मी काय पान्यापाई मेली?"

"मग?"

"मग काय. वय झालं, मेली."

"पण मी घरी नव्हती."

"घरी असती त मले मरू देलं असतं काय तू? उठवली असती, बसवली असती, पेज पाजली असती. तू गेली म्हनून त मले जमलं."

हे कौतुक की टोमणा? कुमुद म्हातारीचा चेहरा निरखते, पण तिथं काही सापडत नाही. मनगटानं मात्र ती डोळे पुसते, आणि त्याचाच तिला राग येतो. हिच्यासाठी रडायचं नाही, असं तिनं केव्हाच ठरवलं होतं.

"आता दे पाय. तेल सांडून राह्यलं हातातलं."

म्हातारीच्या ओंजळीत जवसाचं तेल आहे. कुमुद उजवा पाय पुढे करते, तोही अर्धाच. डावा मांडीखाली दाबून धरते. पार्बताबाईंचा लुळा पडलेला हात पोटरीवर फिरतो आणि त्यात ताकद आहे. अंगठा गोळ्यावर बसतो, दाबतो, खाली आणून सोडतो. असं चोळायला हिला कुणी शिकवलं? कुमुदला आठवतं, असं तर आपण हिचे पाय चोळायचो.

"दुसरा दे."

"एक झाला तेवढा पुरे."

"इश्वास नाई मायावर?"

"तसं नाही, आत्याबाई."

"तसंच हाय," म्हातारी म्हणते, रागावल्याशिवाय.

पलंग हलतो. खाली चाकं खडखडतात आणि पार्बताबाई डब्याच्या खिडकीत आहेत, तेलाचे हात पदराला लागू नयेत म्हणून वर धरून. कुमुद फलाटावर राहिली आहे.

"थांबली असती मी," म्हातारी ओरडून सांगते, "पन गाडी नाई थांबत!"

"बाई, उठा! वेळ झाली!"

निंभोरकर मॅडम खांदा हलवताहेत. ऊन जरा सरकलंय, वाट डांबरी आहे. कुमुद उठून बसते. मांडीखाली दबलेली डावी पोटरी अजून दगड आहे. उजवी मऊ, हलकी, आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चकाकतेय. ती वाकून वास घेते. जवस.

"तुम्ही तेल लावलं का मले?"

"तेल? आमच्याकडे दुखण्याचा स्प्रे आहे फक्त. का हो?"

कुमुद मॅडमचे हात बघते. कोरडे, बटाट्याचं मीठ लागलेले. फलाटाची कड बघते. कुणी नाही. तिला अजूनही सगळं खरं वाटत नाही, खोटं म्हणावं तर पायावर तेल आहे.

"निघताय ना?" मॅडम विचारतात.

"निघते. थोडं थांबा."

ती डावा पाय मांडीखालून काढून पुढे करते. "घ्या, आत्याबाई," असं म्हणते, आणि उजव्या पोटरीवरचं तेल दोन्ही तळव्यांनी निपटून डावीला चोळायला लागते.