महामायाबाईची मुक्कामी गाडी

इस्लापूरच्या अलीकडं दोन किलोमीटरवर, सहस्रकुंड धबधब्याच्या फाट्याला, रस्त्यालगतच्या शेतात एक लाल एसटी उभी आहे. तिला इंजिन नाही, गिअर नाही, आणि चाकं अर्धी मातीत गेलेली आहेत. तरी माणसं तिला हात करतात. अहो, उभ्या गाडीला हात करतात! मग पळत येतात, धापा टाकत आत चढतात, पिशवी मांडीवर घेऊन बसतात आणि विचारतात, "काहून थांबून राहिली ओ गाडी?"

या गाडीची मालकीण म्हणजे महामायाबाई. चोवीस वर्षं एसटीत कंडक्टर होती, मागच्या वर्षी रिटायर झाली. बाई अंगानं किरकोळ, पण आवाज असा की गाडीतल्या शेवटच्या सीटवरचा झोपलेला माणूस खिशात हात घालायचा. चोवीस वर्षांत तिला सगळं मिळालं. पास झालेल्या पोरांचे पेढे मिळाले, एकदा तर गाडीतच एक बाई बाळंत झाली आणि त्या पोरीचं नाव महामाया ठेवलं. एक गोष्ट मात्र मिळाली नाही, ती म्हणजे मुक्काम.

मुक्कामी गाडी म्हणजे काय ते सांगतो. संध्याकाळी खेड्यात जाऊन थांबायचं, रात्री ड्रायव्हर-कंडक्टरनं गाडीतच झोपायचं, पहाटे तीच गाडी घेऊन परतायचं. डेपोतले पुरुष कंडक्टर मुक्काम करून आले की काय रंगवून सांगायचे! कुणाच्या घरून पिठलं-भाकरी आली, कुणी गरम पाणी तापवून दिलं, सीटवर पाय पसरून चांदण्या कशा दिसल्या. महामायाबाई ऐकायची आणि जळायची. बाईमाणसाला मुक्कामाची ड्युटी नसते. तिनं दोनदा अर्ज केला, दोनदा साहेब हसले.

मग रिटायर झाल्यावर तिला कळलं की तिची शेवटची गाडी, जिच्या सोळा नंबरच्या सीटची स्प्रिंगसुद्धा तिला तोंडपाठ होती, ती नांदेडला एका भंगारवाल्याच्या आवारात पडली आहे. बाई उठली, नांदेडला गेली आणि गाडीचा सांगाडा घेऊनच आली. ट्रेलरवर चढवून आणला. आख्खं गाव बघायला रस्त्यावर. नवरा आनंदराज, जिल्हा परिषदेचे रिटायर मास्तर, तेवढे घरात पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता म्हणतात.

"काय करून राहिली तू हे?" मास्तर म्हणाले.

"मुक्कामी गाडी काढून राहिले," महामायाबाई म्हणाली. "धबधबा बघायला लोकं येतात का न्हाई? माहूरला जाणारे येतात का न्हाई? राहायला कुठं जागा हाय इथं? माझ्या गाडीत राहतील."

लेक मनिषा नांदेडला बँकेत. तिला आईची ही कल्पना इतकी आवडली की तिनंच फोटो काढून गाडी मोबाईलवर बुकिंगला टाकली. मागच्या सीटा काढून तिथं पलंग बसवला, मधे जाडजूड पडदा लावला, पुढच्या बारा सीटा तशाच ठेवल्या. मागं पक्कं न्हाणीघर बांधलं. 'खिडकीतून डोके बाहेर काढू नये' ही पाटी होती तशी राहू दिली. घंटीची दोरीही राहू दिली. आणि घात केला तो पुढच्या बोर्डानं. 'किनवट – नांदेड' लिहिलेला बोर्ड महामायाबाईला काढवेना. जीवच होईना.

व्हायचं तेच झालं. पहिले पाहुणे आले, नांदेडचं चौघांचं कुटुंब. पहाटे सहाला एक गडी दोन शेळ्या घेऊन नांदेडला जायला चढला. शेळीनं पडद्याखालून तोंड घातलं आणि पाहुणीच्या शालीचा काठ खाल्ला. चहासुद्धा न घेता मंडळी गेली. दुसरे पाहुणे दोन पोरं. त्यांना शेळीनं नाही, खुद्द महामायाबाईनंच घालवलं. पहाटे साडेपाचला बाईला जाग आली, तशीच घरून येऊन गाडीत चढली, सवयीनं हात दोरीला गेला, आणि टण्-टण्! "चला, पुढं सरका, उतरणारे आधी उतरा!" पोरं उतरली ती परत चढलीच नाहीत.

मास्तरांचा पारा चढला. लोक हसून राहिले म्हणाले. सोयाबीन वाळवायला जागा उरली नाही म्हणाले. शेवटी निकाल लागला. धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत मुदत. तोवर एका तरी पाहुण्यानं अख्खी रात्र काढायची, सकाळी चहा घ्यायचा आणि खुशीनं जायचं. नाहीतर त्या दिवशी सकाळी शेषेराव भंगारवाला क्रेन घेऊन येणार आणि गाडी उचलणार. मास्तरांनी त्याला फोनही करून टाकला.

आता मास्तर वाईट माणूस नव्हे हो. पण त्यांच्या मनात बायकोच्या गाडीची एक जुनी अढी होती. तिच्या नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात ते महामायाच्या गाडीत चढले होते. ऐटीत पुढच्या सीटवर बसले, शेजारच्याला म्हणाले, "आपलीच गाडी हाय." महामायानं येऊन तिकीट मागितलं. ते हसले, "घरी बघू." तिनं परत मागितलं. ते परत हसले. तिनं दोरी ओढली, एक घंटी, गाडी उभी. मास्तर भर उन्हात चार किलोमीटर चालत घरी आले. भांडण त्याच रात्री मिटलं, पण त्यानंतर पंचवीस वर्षं मास्तरांनी स्कूटर वापरली आणि बायकोच्या गाडीत पाय ठेवला नाही. शेतात उभ्या असलेल्या गाडीतही नाही.

महामायाबाईनं बोर्ड बदलला. काळजावर दगड ठेवून बदलला. नवा बोर्ड स्वतः रंगवला: 'इस्लापूर – इस्लापूर'. आता कोण खुळा चढेल? दुसऱ्याच दिवशी साखराबाई चढली. शेजारच्या वस्तीवरची ही म्हातारी, कोंबड्या-अंडी घेऊन इस्लापूरच्या बाजाराला जाणारी.

"मावशी, ही गाडी कुठंच जात न्हाई. बोर्ड बघा ना!"

"वाचून घेतला माय पोराकडून. बरं झालं. मला इस्लापूरलाच जायचं हाय."

हळूहळू फाट्यावरच्या सगळ्यांनाच सवय लागली. खरी एसटी येईपर्यंत या गाडीत टेकायचं. सावली मिळते, सीट मिळते, आणि महामायाबाईचा चहा मिळतो.

मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे आले. लातूरचं नवराबायकोचं जोडपं, दयानंद आणि तनुजा. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेले. दयानंद दिवसभर गाडी चालवून इतका दमलेला की भाकरी खाता खाताच पेंगत होता. महामायाबाईनं त्यांना गुलाबी पुठ्ठ्याची दोन तिकिटं दिली, पांघरुणं दिली, आणि पळत वस्ती गाठली. दारोदार हात जोडले. "उद्या सकाळी कुणी चढू नका. पाया पडते. उद्या कुणी चढलं तर माझी गाडी जाईल, कायमची जाईल."

"न्हाई येत माय," साखराबाईनं डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. "तुझी गाडी ती माझी गाडी."

रात्रभर बाईचा डोळ्याला डोळा नाही. सकाळी साडेसहाला चहाची किटली घेऊन ती निघाली. अंगावर नवी पांढरी साडी, आजचा दिवसच तसा. दुरूनच तिनं गाडीकडं पाहिलं. खिडक्यांतून डोकी दिसत होती. एक, दोन, चार... नऊ डोकी!

दाराशी जाऊन ती दातओठ खात कुजबुजली, "उतरा! उतरा म्हणते ना!"

"हळू बोल माय," साखराबाईच उलट दटावत म्हणाली. "पाहुणे झोपलेत. पहिली एसटी आली न्हाई, बाहेर दव लई. आमी गुपचूप बसून राहिलो." आणि खरंच, नऊ जण श्वास रोखून बसले होते. खोकला आला तर कुणी उपरणं तोंडात कोंबत होतं. देगलूरकडून इथं सासरवाडीला येऊन राहिलेला गुंडप्पा दोन्ही हातांनी साखराबाईच्या कोंबडीची चोच धरून बसला होता.

कोंबडी किती वेळ ऐकणार? तिनं मान हिसडली आणि कॉक्-कॉक्-कॉक् असा गलका केला की विचारू नका.

पडदा हलला. तनुजाचं डोकं बाहेर आलं, केस चहूकडं. समोर नऊ माणसं, एक कोंबडी आणि किटली घेतलेली महामायाबाई. महामायाबाईनं मनात म्हटलं, संपलं. गेली माझी गाडी.

तेवढ्यात साखराबाई मायेनं म्हणाली, "बस बस, उठू नको बाई. तुझं गाव अजून लांब हाय."

तनुजाच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला, आणि ती हसायला लागली. अशी हसली की पडदा धरून खाली बसली. आणि आतून दयानंद, डोळे मिटलेलेच, म्हणाला, "तनू, माहूर आलं का गं?"

झालं! गाडीत एकच खसखस पिकली. "न्हाई आलं! दोन तास हायत, झोपा!" गुंडप्पा ओरडला, कोंबडी सोडली आणि उडी मारून ड्रायव्हरच्या सीटवर बसला. महामायाबाईचा हात आपोआप दोरीला गेला. टण्-टण्!

मग काय धमाल! गुंडप्पानं तोंडानं इंजिन सुरू केलं, घर्र घर्र. वळण आलं म्हणाला की सगळी गाडी डावीकडं कलायची. खड्डा आला म्हणाला की सगळे उडायचे. दयानंद चादर पांघरून बाहेर आला, काही कळेना, तरी रिकामी सीट बघून बसला आणि पुढचा दांडा घट्ट धरला. "ब्रेक!" म्हटल्यावर तोही पुढं झुकला. साखराबाईनं तनुजाला शेंगदाण्याची चटणी-भाकरी बळंच खायला घातली. "प्रवासात पोट रिकामं ठेवू नये," म्हणाली. महामायाबाई गर्दीतून वाट काढत चहा वाटत होती आणि ओरडत होती, "पुढं सरका! दारात उभं राहू नका!" पंधरा महिन्यांत ती इतकी खूश कधी झाली नव्हती.

त्याच वेळी क्रेन येऊन थांबली. शेषेराव भंगारवाला मोजमाप घ्यायला पायरी चढला. "कोन मालक—"

"मागं सरका, मागं! मागं लई जागा हाय!" चार हातांनी त्याला आत ओढलं. दोन मिनिटांत तो दांड्याला लटकून उभा होता आणि हातात कोंबडीची टोपली होती. कुणी उतरू देईल तर शपथ.

आणि मग दारात मास्तर दिसले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, बुद्धवंदनेला निघालेले. गुंडप्पानं तोंडातलं इंजिन बंद केलं. महामायाबाई किटली धरून उभी.

"पाहुणे," मास्तरांनी दयानंदला विचारलं, "रात्र कशी गेली?"

"काका, लग्नानंतर पहिल्यांदा इतका गाढ झोपलो," दयानंद म्हणाला.

"चहा?"

"तीन घेतले!" तनुजा म्हणाली. "आणि दिवाळीत माझ्या दोन्ही बहिणींना घेऊन येते. या कोंबडीवाल्या मावशींना सांगा, यांची सीट यांनाच. यांच्याशिवाय मजा नाही."

"सर, मग उचलू का गाडी?" शेषेराव टोपलीमागून म्हणाला.

मास्तरांनी वर बोर्डाकडं पाहिलं, इस्लापूर ते इस्लापूर. मग चपला पायरीवर झटकल्या, बार धरला आणि आत पाय ठेवला. पंचवीस वर्षांनी. पहिल्या सीटवर बसले, तेव्हा बसले होते तशीच पुढची सीट. सदऱ्याच्या खिशातून शंभराची नोट काढून बायकोपुढं धरली.

"एक इस्लापूर."

महामायाबाई कंडक्टर ती कंडक्टर. "जायचं, का येऊन-जाऊन?"

"जायचंच दे," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी मुक्कामाला हाव आज. आन माझ्याशेजारी एक सीट धरून ठेव. कंडक्टरला बी मुक्काम लागतो म्हनं."

तिनं गुलाबी तिकीट त्यांच्या हातावर ठेवलं, पदरानं डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सुट्टे ठेवत जा हो जवळ!"